कॅपेसिटाबिन घरी सुरू होताना: केमोच्या गोळ्या कशा घ्यायच्या आणि कधी थांबवायच्या

गोळ्यांच्या दुसऱ्या सायकलच्या (म्हणजे एकवीस दिवसांच्या फेरीच्या) बाराव्या दिवशी मी निफाडजवळच्या आमच्या घरी पोचले तेव्हा आई ओसरीवर पडून होती. तीन दिवस जुलाब चालू होते, दिवसाला सात-आठ वेळा, आणि ती कोणापाशी बोलली नव्हती. गोळ्या मात्र दोन्ही वेळच्या घेत होती. "कोर्स अर्धा राहिला तर दुखणं उलटायचं," हे तिचं कारण. त्या रात्री तिला नाशिकला आणून ॲडमिट केलं. दोन दिवस सलाइन लागलं, पोटॅशियम पार खाली गेलं होतं.

मी फार्मासिस्ट आहे. गंगापूर रोडवरच्या दुकानात ही गोळी मी स्वतः लोकांच्या हातात देते. तरीही आईला एक गोष्ट नीट समजावायची माझ्याकडून राहिली: या औषधात सोसणं धोक्याचं आहे. वेळेवर गोळी थांबवून फोन करणं हा उपचाराचाच भाग आहे. आपल्याकडच्या बायकांना सोसायची इतकी सवय असते, की हे एकदा सांगून पुरत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद आणि माझं लिहिणं यांत कुठे फरक दिसला, तर डॉक्टरांचा कागद खरा धरा.

ही गोळी करते काय

कॅपेसिटाबिन आतड्याच्या, स्तनाच्या, जठराच्या आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये वापरतात. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये ती बऱ्याचदा रेडिएशनच्या जोडीने देतात. १९५७ पासून माहीत असलेलं ५-फ्लुरोयुरासिल नावाचं इंजेक्शनचं औषध आहे. ही गोळी पोटात गेल्यावर त्याच औषधात बदलते. बदल तीन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा यकृतात होतो, आणि शेवटचा घडवणारं एन्झाइम गाठीच्या पेशींमध्ये निरोगी पेशींपेक्षा जास्त असतं. त्यामुळे औषधाचा मोठा वाटा जिथे हवा तिथे तयार होतो. अमेरिकेत या गोळीला १९९८ मध्ये मंजुरी मिळाली आणि आता भारतातल्या कितीतरी कंपन्या ती बनवतात.

तयार झालेलं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींची डीएनए बनवण्याची वाट अडवतं. आतड्याचं आणि तोंडाचं अस्तर, त्वचा, रक्त तयार करणारी मज्जा यांच्या पेशीही भराभर वाढतात, म्हणून दुष्परिणाम नेमके तिथेच दिसतात. केस मात्र यात फारसे जात नाहीत. पण त्यामुळेच आजूबाजूचे लोक "साध्या गोळ्याच तर चालू आहेत" म्हणतात, आणि पेशंटलाही हळूहळू तसंच वाटायला लागतं.

सुरू करण्याआधी

पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टर रक्तपेशी, यकृत आणि किडनीच्या तपासण्या बघतात. किडनीचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट फाइलमध्ये वर ठेवा. किडनी कमी काम करत असेल तर डोस कमी करावा लागतो आणि फारच कमी असेल तर ही गोळी देतच नाहीत.

एक प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारा: "डीपीडीची तपासणी करायची का?" हे औषध शरीरात मोडून बाहेर टाकणारं डीपीडी नावाचं एन्झाइम काही लोकांत जन्मतःच कमी असतं. अशांना नेहमीचा डोसही विषासारखा चढतो आणि पहिल्याच सायकलमध्ये हाल होतात. युरोपच्या औषध नियामकाने २०२० पासून उपचाराआधी ही तपासणी करण्याची शिफारस केली आहे. आपल्याकडे ती सरसकट होत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला तरी पहिल्या सायकलमध्ये लक्ष ठेवावंच लागतं.

मग औषधांची पिशवी. घरात असलेली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण, ताकदीची कॅप्सूल पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर या गोळीबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो, रक्त गोठण्याची आयएनआर ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर त्याची रक्तातली पातळी वाढू शकते. युरिक ॲसिडसाठीचं ॲलोप्युरिनॉल टाळतात. आणि ज्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही ते फोलिक ॲसिड: त्याने या औषधाचा त्रास वाढतो. अशक्तपणा आला की शेजारीपाजारी लाल गोळ्या किंवा बी-कॉम्प्लेक्स सुचवतात, त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत फोलिक ॲसिड असतं. पाकिटाच्या मागची यादी वाचल्याशिवाय काहीही सुरू करू नका. पालेभाजीतलं नैसर्गिक फोलेट वेगळं. जेवणातली मेथी-पालक बंद करू नका.

गोळ्यांचा हिशेब

डोस उंची आणि वजनावरून काढतात, म्हणून एकाच वॉर्डातल्या दोघींचा आकडा वेगळा असतो. हिशेब घरीही करून बघता येतो. आईची उंची १५५ सेंटिमीटर, वजन ५८ किलो. दोन्हींचा गुणाकार ८,९९०, त्याला ३,६०० ने भागलं की साधारण २.५, आणि त्याचं वर्गमूळ १.५८. हे झालं शरीराचं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. ही गोळी एकटीच द्यायची असेल तर दर चौरस मीटरला एका वेळी १,२५० मिलिग्रॅम हा ठरलेला डोस. म्हणजे आईला १,९७५, जवळचा पूर्ण आकडा २,०००. ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या सकाळी, चार संध्याकाळी. चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी, अशी एकवीस दिवसांची एक सायकल. ऑपरेशननंतर तिला अशा आठ लिहून दिल्या होत्या.

ऑक्सॅलिप्लॅटिन या दुसऱ्या केमो औषधाच्या सलाइनसोबत दिली तर हा आकडा बहुधा १,००० असतो, रेडिएशनसोबत ८२५. तुमच्या चिठ्ठीवरचा आकडा यापेक्षा कमी असला तर घाबरू नका, वयामुळे किंवा किडनीमुळे डॉक्टर कमीच सुरुवात करतात. पण जास्त दिसला तर गोळी घेण्याआधी फोन करून विचारा. वजन चार-पाच किलोंनी उतरलं तर तेही सांगा.

सुट्टीचा आठवडा फार महत्त्वाचा. मज्जा आणि आतडं त्याच दिवसांत सावरतं. हिशेब चुकून पंधराव्या दिवशीही गोळ्या चालू ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौदा दिवसांना लाल गोल करा आणि सात दिवसांवर मोठी फुली मारा. एका सायकलच्या मोजून ११२ गोळ्या वेगळ्या डब्यात काढा (तुमच्या डोसप्रमाणे आकडा बदलेल). बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या डब्यात या कधीच नकोत.

रोजची पद्धत

जेवण संपल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याबरोबर. दोन वेळांत साधारण बारा तासांचं अंतर. आपल्या घरांत इथेच गाडी अडते, कारण सकाळी नुसता चहा-बिस्किट आणि जेवण एकदम बाराला. केमो चालू असेपर्यंत सकाळी आठला पोटभर नाश्ता आणि रात्री आठला जेवण, असं घरानेच ठरवून घ्यावं. आम्ही आईला उपमा, मऊ खिचडी नाहीतर दूध-भाकरी द्यायचो. एकादशी आणि सोमवारचे उपास तिने बंद केले, हे तिला समजावणं सगळ्यात अवघड गेलं.

गोळी कुटू नका, तोडू नका, पाण्यात विरघळवू नका. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा. एक वेळ चुकली तर ती सोडून द्या आणि पुढच्या वेळी नेहमीएवढीच घ्या, दुप्पट कधीच नाही. गोळीनंतर उलटी झाली तरी पुन्हा घेऊ नका.

डबा भरणाऱ्याने हातमोजे घालावेत किंवा गोळ्या झाकणातून टाकाव्यात आणि नंतर साबणाने हात धुवावेत. गरोदर बाईने या गोळ्यांना हात लावू नये. संडासचं झाकण लावून दोनदा फ्लश करा. उलटीचे, घाणीचे कपडे वेगळे धुवा. उरलेल्या गोळ्या कचऱ्यात किंवा गोदावरीत टाकायच्या नाहीत. त्या हॉस्पिटलच्या फार्मसीत परत द्यायच्या. मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी शेवटच्या गोळीनंतर सहा महिने आणि पुरुषांनी तीन महिने गर्भनिरोध पाळावा. ही गोष्ट बऱ्याचदा संकोचाने बोलली जात नाही, पण बोलायला हवी.

हात आणि पाय

या औषधाची खरी ओळख तळहात आणि तळपायांवर पटते. सहसा दुसऱ्या-तिसऱ्या सायकलनंतर मुंग्या येतात, त्वचा लाल, कोरडी, चकचकीत दिसते. ही पहिली पायरी. दुखायला लागलं, सूज आली, बटण लावताना किंवा चालताना त्रास झाला, तर ती दुसरी. फोड, भेगा, सोलवटलेली त्वचा आणि असह्य वेदना ही तिसरी. पहिल्या पायरीवर गोळ्या चालू ठेवून डॉक्टरांना कळवायचं. दुसरी लागली की गोळी थांबवायची आणि फोन करायचा. तिसरीपर्यंत जाऊच द्यायचं नाही.

घासणं, दाब आणि उष्णता या तीन गोष्टींनी हे वाढतं. आता आपल्या बाईच्या दिवसाकडे बघा: भाकरी थापणं, तव्यावरची भाकरी हाताने उलटणं, तारेच्या घासणीने भांडी, दगडावर धुणं, दुपारी तापलेल्या अंगणात अनवाणी. द्राक्षबागेत विरळणीच्या दिवसांत तासन्‌तास कात्री चालवणंही त्यातच आलं. आई दुसऱ्या सायकलपर्यंत रोज वीस भाकऱ्या थापत होती. "तेवढं तर करू दे मला," म्हणायची. ते काम काढून घेतलं तेव्हा तिला गोळ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं, आणि मला ते समजत होतं. मग ती पाटावर बसून पीठ मळणाऱ्या वहिनीला सूचना द्यायला लागली, तेवढं चाललं.

काय करायचं ते ठोस सांगते. आंघोळ कोमट पाण्याने. मऊ, सैल सुती मोजे आणि मोकळी चप्पल. युरिया असलेलं क्रीम दिवसातून दोन-तीनदा हातापायांना, पहिल्या गोळीपासूनच, त्वचा लाल व्हायची वाट न बघता. शिवाय दिल्लीच्या एम्समध्ये २६४ पेशंटवर झालेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसातून दोनदा हातांना डायक्लोफेनॅकचं जेल लावणाऱ्यांपैकी ३.८ टक्क्यांना दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचा त्रास झाला, नुसतं औषधाविना जेल लावणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. हे जेल गुडघेदुखीसाठी आपल्या दुकानांत कायम असतं. तरी डॉक्टरांना विचारूनच वापरा, आणि फुटलेल्या त्वचेवर लावू नका. बी-सिक्सच्या म्हणजे पायरिडॉक्सिनच्या गोळ्या अजूनही काही जण सुचवतात. चाचण्यांमध्ये त्यांचा फायदा दिसलेला नाही.

आईने वणीच्या गडावर पायी जायचं बोललं होतं. चैत्रात निफाडहून चालत जाणारी मंडळी निघाली तेव्हा तिचे तळवे लाल होते. ती गेली नाही. उपचार संपल्यावर गाडीने पायथ्यापर्यंत आणि ट्रॉलीने वर जाऊन आली.

अंगठा उमटत नाही तेव्हा

हा भाग कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. त्वचा वारंवार सोलवटली की बोटांचे ठसे पुसट होतात. सिंगापूरच्या एका पेशंटला २००८ मध्ये अमेरिकेच्या विमानतळावर चार तास अडवून ठेवलं होतं, कारण त्याचे ठसेच उमटत नव्हते. तो हीच गोळी घेत होता. आपल्याकडे प्रश्न रेशनच्या मशिनवर येतो, बँकेत पैसे काढताना येतो, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला येतो. म्हणून पहिल्या गोळीच्या आधीच आधारला चालू मोबाइल नंबर जोडून घ्या, म्हणजे ओटीपीचा मार्ग उघडा राहतो. जीवन प्रमाणपत्र चेहऱ्याच्या ओळखीवरही निघतं. डॉक्टरांकडून "कॅपेसिटाबिनमुळे बोटांचे ठसे पुसट झाले आहेत" असं दोन ओळींचं पत्र घेऊन ठेवा. रेशन दुकानदाराशी हुज्जत घालण्याची ताकद त्या दिवसांत कोणात नसते.

जुलाब

इथे मी सगळ्यात जास्त आग्रही आहे. रोज किती वेळा शौचाला जाता ते गोळ्या सुरू होण्याआधी वहीत लिहा. पुढचं सगळं त्या आकड्यावरून मोजायचं. नेहमीपेक्षा दोन-तीनदा जास्त झालं तर पाणी वाढवा आणि लक्ष ठेवा. चार ते सहा वेळा जास्त झालं किंवा रात्री झोपेतून उठावं लागलं, तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि फोन करायचा. सात किंवा त्याहून जास्त, शौचात रक्त, ताप, चक्कर किंवा लघवी कमी होणं म्हणजे थेट हॉस्पिटल, सकाळ उजाडायची वाट न बघता. आई याच शेवटच्या गटात तीन दिवस होती.

घरात ओआरएसची पाकिटं आधीच असू द्या. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळायचं, ग्लासात अंदाजाने नाही. पेज, मऊ भात, केळं, उकडलेला बटाटा चालतं. दूध, तळलेलं आणि आपली तर्रीची मिसळ त्या दिवसांत बंद. जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळ्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या; सहसा पहिल्यांदा ४ मिलिग्रॅम आणि मग प्रत्येक पातळ शौचानंतर २ मिलिग्रॅम असं सांगतात. ताप किंवा रक्त असेल तर ती स्वतःच्या मनाने घेऊ नका.

तोंड, मळमळ, थकवा

तोंड आलं तर दिवसातून चार-पाचदा मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने गुळण्या करा, मऊ ब्रश वापरा, मिरचीचा ठेचा दूर ठेवा. पाणीही गिळता येईना झालं तर गोळी थांबवून फोन. मळमळीच्या गोळ्या मिळालेल्या असतात, त्या उलटी होण्याआधी घ्यायच्या असतात. थकवा येणारच; दुपारची झोप घ्या, पण संध्याकाळी अंगणात दोन फेऱ्या मारा.

क्षणाचाही उशीर नको

छातीत दुखणं, दाटून येणं, धाप लागणं. हे औषध काही जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसवतं, आणि ते आधी हृदयविकार नसलेल्यांतही होतं, बहुधा पहिल्या सायकलच्या सुरुवातीच्या दिवसांत. "ॲसिडिटी असेल" म्हणून बसू नका. गोळी थांबवा, १०८ ला फोन करा आणि इमर्जन्सीत गेल्या गेल्या औषधाचं नाव सांगा, नाहीतर डॉक्टरांना हा धागा सापडायला वेळ लागतो.

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटवर गेला तर तोच नियम. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा ताप साधा नसतो. डॉक्टरांशी बोलण्याआधी पॅरासिटामॉल घेतली तर ताप झाकला जातो. घरात चालू थर्मामीटर हवा, हाताने कपाळ बघून अंदाज करायचा नाही.

डोस कमी झाला तर

आई बरी झाल्यावर डॉक्टरांनी पुढच्या सायकलला चारच्या तीन गोळ्या केल्या. म्हणजे २,००० चे १,५००, पाव भाग कमी. घरात सगळ्यांचे चेहरे पडले, जणू उपचारच कमी झाला. असं नसतं. औषध कसं वापरायचं याच्या नियमातच हे लिहिलेलं आहे: त्रास ओसरेपर्यंत थांबा, मग कमी डोसवर सुरू करा, आणि एकदा कमी केलेला डोस पुन्हा वाढवू नका. त्रासामुळे राहून गेलेल्या गोळ्या नंतर भरूनही काढायच्या नसतात. चारवर अडखळत दोन सायकल घेतलेली माझी आई तीनवर उरलेल्या सहाही सायकल पूर्ण करू शकली.

खर्च आणि ये-जा

कॅपेसिटाबिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे तिच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. तरी कंपनीनुसार दरात फरक पडतो. डॉक्टरांना विचारा, "दुसऱ्या कंपनीची घेतली तर चालेल का?" आणि पक्कं बिल घ्या. एका सायकलमध्ये मधेच कंपनी बदलू नये असं मी माझ्या ग्राहकांना सांगते, कारण रंग-आकार बदलला की वयस्कर माणसं गोंधळतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसता का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गोळ्या विकत घेण्याआधी विचारा. नंतर बिलं घेऊन गेल्यावर तो काही करू शकत नाही.

मुंबईला टाटा हॉस्पिटलला दाखवून औषध नाशिकला घेणारे खूप आहेत. पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेसने दादरला जायचं असेल तर सकाळच्या जेवणाचा डबा आणि गोळ्या सोबत घ्या, वेळ गाडीतच येते. आणि नाशिकमधला एक फिजिशियन आधीच गाठून त्याला फाइल दाखवून ठेवा. रात्री अकराला जुलाब वाढले तर परळ फार लांब असतं.

गंभीर त्रास झाला तर तो नोंदवता येतो. भारतीय औषध सतर्कता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, पेशंट किंवा नातेवाईक स्वतः फोन करू शकतात. आईच्या जुलाबांची नोंद मी तिथे केली.

फ्रिजवर आम्ही एक कागद चिकटवला होता, मोठ्या अक्षरांत, कारण आईला चष्म्याशिवाय वाचता यावा म्हणून: औषधाचं नाव, डोस, सायकलचा दिवस, डॉक्टरांचा आणि माझा नंबर, आणि खाली चार ओळी. चार वेळा जास्त जुलाब, ताप, छातीत दुखणं, हातपाय दुखणं किंवा सुजणं: गोळी बंद, फोन चालू. पाचव्या सायकलच्या नवव्या दिवशी सकाळी सात वाजता तिचा फोन आला. "रात्री दोनदा उठले गं जुलाबाला. सकाळची गोळी घेतली नाहीये अजून. सांग काय करू."